डीव्हीआर बिघडला तर काय करायचे? वॉरंटी, बदली आणि दुरुस्ती : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर असो, कॉलेज रोडवरचे दुकान असो, सोसायटीचे गेट असो की दिंडोरीकडचे पॅकहाउस, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे मशीन) बंद पडला की पहिला प्रश्न एकच असतो : बदलून मिळेल का? त्याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते. नेमका कोणता भाग बिघडला, बिल आहे का आणि मध्यंतरी कुणी मशीन उघडले का. पहिली गोष्ट बऱ्याचदा घरबसल्या कळते. म्हणून भिंतीवरून मशीन उतरवण्याआधी पुढचे पहिले काही प्रश्न वाचा. सेवा केंद्रात जाणाऱ्या डीव्हीआरपैकी कित्येकांत डीव्हीआर धडधाकट असतो, दोष दुसरीकडेच असतो.

डीव्हीआर सुरूच होत नाही, एकही दिवा लागत नाही. मशीन गेले का?

आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. ४ आणि ८ चॅनलचे (म्हणजे तेवढे कॅमेरे जोडता येणारे) बहुतेक डीव्हीआर बाहेरच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. त्यावर २ अँपिअर, ३.३३ अँपिअर असे काहीतरी छापलेले असते. मल्टिमीटर डीसीवर ठेवून पिनवर व्होल्टेज बघा. शून्य आले तर अ‍ॅडॉप्टर गेला, डीव्हीआर नाही. दुसरा लावताना व्होल्टेज तेवढेच हवे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिनची ध्रुवता दोन्हीकडे तीच हवी. बहुतेक ठिकाणी आतला भाग पॉझिटिव्ह असतो, तरी लेबलवरचे चिन्ह पाहूनच लावा. घरात पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावून बघू नका. त्याने आतला पॉवरचा भाग जळतो आणि ते जळणे कुठल्याही वॉरंटीत बसत नाही.

मोठ्या डीव्हीआरमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो आणि थेट २३० व्होल्टची वायर जाते. तो उघडू नका, वॉरंटीत असेल तर मुळीच नाही.

सुरू होतो, लोगो दिसतो आणि पुन्हा रीस्टार्ट होतो. दिवसभर हेच चालू.

इथे मल्टिमीटर फसवतो. अशक्त झालेला अ‍ॅडॉप्टर लोडशिवाय १२ व्होल्ट दाखवतो. पण ३.५ इंची हार्डडिस्क फिरायला सुरुवात होताना काही सेकंद एकटीच दीड-दोन अँपिअर ओढते, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते आणि डीव्हीआर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. खात्री करायची तर चांगल्या क्षमतेचा दुसरा अ‍ॅडॉप्टर तासभर लावून बघा. तरीही रीस्टार्ट होत असेल तर संशय हार्डडिस्कवर किंवा बोर्डवर. हार्डडिस्क काढली की मशीन नीट चालते, अशी परीक्षा तंत्रज्ञ करतात. पण झाकणावर वॉरंटीचे स्टिकर असेल तर ती सेवा केंद्रातच होऊ द्या.

दिवे लागतात, पण टीव्हीवर काही दिसत नाही.

मोबाइल अ‍ॅप उघडा. तिथे चित्र दिसत असेल तर डीव्हीआर जिवंत आहे. एचडीएमआय केबल बदला, नाहीतर व्हीजीएला जुना मॉनिटर लावा. कुणीतरी आउटपुटचे रिझोल्युशन वाढवून ठेवले आणि मॉनिटरला ते झेपत नाही, असे फार होते. अ‍ॅपमध्ये चित्र आहे आणि दोन्ही केबलींवर पडदा काळाच असेल तर आउटपुटचा भाग गेला, हे वॉरंटीचे काम.

एकच कॅमेरा दिसत नाही. किंवा दिवसा दिसतो आणि रात्री जातो.

तीन नंबरचा कॅमेरा बंद असेल तर त्याची बीएनसी पिन (केबलच्या टोकाचा गोल, फिरवून बसणारा जोड) काढून एक नंबरच्या पोर्टला लावा. चित्र आले, तर तीन नंबरचा पोर्ट मेला. ही डीव्हीआरची वॉरंटी. चित्र नाही आले, तर कॅमेरा, केबल किंवा त्याचा वीजपुरवठा. एवढ्या एका अदलाबदलीने सेवा केंद्राची फेरी वाचते.

फक्त अंधार पडला की जाणारा कॅमेरा म्हणजे जवळपास नक्की वीज कमी पडतेय. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट घेतो, आणि लांबच्या बारीक वायरीत १२ व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता दहाच्याही खाली येतात. सगळेच कॅमेरे एकदम गेले तर कॅमेऱ्यांचा एसएमपीएस (त्यांना वीज देणारा डबा) बघा. तो डीव्हीआरचा भाग नाही, त्याची वॉरंटी निराळी.

सारखे बीप-बीप वाजते.

बहुतेक वेळा हार्डडिस्कची तक्रार असते. मेनूत स्टोरेजमध्ये जाऊन डिस्कसमोर काय लिहिले आहे ते पाहा : ‘नॉर्मल’ असेल तर आवाजाचे कारण दुसरे (कॅमेऱ्याचे चित्र गेले, नेटवर्कचा पत्ता दुसऱ्याशी भिडला), ‘एरर’ असेल किंवा डिस्क दिसतच नसेल तर डिस्क किंवा तिची वायर. आणि ‘इनिशियलाइज करू का?’ असे विचारले तर होय दाबू नका. ते दाबले की जुने सगळे रेकॉर्डिंग गेले.

तारीख २००० किंवा १९७० ची दाखवतो आणि काल रात्रीचे रेकॉर्डिंग सापडत नाही.

बोर्डवरचा सेल उतरला. बऱ्याच मॉडेलमध्ये सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. वीज गेली की घड्याळ मागे जाते. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा झालेले असते, फक्त चुकीच्या तारखेखाली. त्या जुन्या वर्षात शोधा, सापडेल. सेल किरकोळ किमतीचा आहे, पण वॉरंटीत असताना झाकण स्वतः उघडू नका.

वॉरंटी किती वर्षांची आणि कुणाची?

एका पेटीत आलेल्या सामानाला एकच वॉरंटी असते, हा समज सोडा. डीव्हीआरची वॉरंटी डीव्हीआर कंपनीची; कंपनी आणि मॉडेलनुसार मुदत बदलते, ती कार्डावर किंवा बिलावर पाहा. हार्डडिस्क दुसऱ्याच कंपनीची असते आणि सर्व्हेलन्ससाठीच्या नावाजलेल्या डिस्कना साधारण तीन वर्षे मिळतात. अ‍ॅडॉप्टर, माउस, केबल यांना बऱ्याचदा फार कमी मुदत असते किंवा अजिबात नसते. कॅमेरे पुन्हा वेगळे. आणि बसवणाऱ्याने जोडणीची जी हमी दिली ती त्याची स्वतःची.

डिस्कचा सिरियल नंबर तिच्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मुदत कधी संपते ते कळते. मात्र काही डिस्क मशीन बनवणाऱ्यांना घाऊक दिलेल्या असतात. त्यांवर थेट दावा चालत नाही, विक्रेत्यामार्फतच करावा लागतो. नवीन घेतानाच हे तपासावे.

आणखी एक तपासणी खरेदीच्याच दिवशी करा. वापरलेल्या डिस्क नव्या लेबलखाली विकल्या जातात. बऱ्याच डीव्हीआरच्या मेनूत डिस्कची तब्येत दाखवणारा स्मार्ट नावाचा तक्ता असतो, त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ (डिस्क किती तास चालली) ही ओळ पाहा. नव्या डिस्कवर आकडा शून्याच्या आसपास हवा. वर्षभर अखंड चाललेल्या डिस्कवर तो ८,७६० होतो. नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर पंधरा-वीस हजार दिसले तर पडद्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी दुकान गाठा.

बिल सापडत नाही. आता?

दुकानाच्या संगणकात तुमच्या मोबाइल नंबरवर बिल निघते का विचारा. जीएसटी बिल असेल तर प्रत मिळायला अडचण नसावी. ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद सोबत ठेवा. काही कंपन्या बिल नसल्यास सिरियल नंबरवरून कारखान्यातून माल निघाल्याची तारीख धरतात, म्हणजे मुदत थोडी आधी संपते, पण दावा टिकतो. ‘बिल घेतले नाही म्हणून स्वस्त दिले’ हा सौदा डीव्हीआरच्या बाबतीत करू नये. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, नुसते ‘डीव्हीआर १ नग’ नको.

वॉरंटी कशामुळे नाकारतात?

फाटलेले स्टिकर, खरवडलेला सिरियल नंबर, जळालेला बोर्ड, पाणी, चुकीचा अ‍ॅडॉप्टर. शिवाय किडे. उबदार डीव्हीआरमध्ये झुरळे, मुंग्या आणि पालीची पिल्ले हमखास शिरतात, बोर्डवर शॉर्ट करतात, आणि आत मेलेला किडा दिसला की दावा तिथेच संपतो. डीव्हीआर जमिनीवर, देवघराच्या मागे किंवा किराणा दुकानात गोणींच्या शेजारी ठेवू नका.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ग्राइंडिंगची धातूची धूळ पंख्यातून आत जाते. तिथे डीव्हीआर शॉप फ्लोअरवर नको, ऑफिसात हवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात बीएनसी पिना हिरव्या पडतात. ही गंज ‘बाहेरील कारण’ धरली जाते.

उष्णतेचेही तेच. चोरी होऊ नये म्हणून डीव्हीआर कुलूपबंद लाकडी खोक्यात ठेवतात आणि एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये आत भट्टी होते. स्मार्टच्या तक्त्यात डिस्कचे तापमानही दिसते. ते रोज पन्नास अंशांवर राहत असेल तर खोक्याला जाळी पाडा, चारी बाजूंनी चार बोटे जागा सोडा.

वीज कडाडली आणि डीव्हीआर गेला. हे वॉरंटीत येते का?

नाही. जवळपास सगळ्या वॉरंटी कार्डांवर वीज पडणे आणि व्होल्टेजचा झटका वगळलेला असतो. घराचा किंवा दुकानाचा विमा असेल तर त्याची पॉलिसी वाचा.

मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात मळ्यावरचे डीव्हीआर जातात त्यात ठरावीक खुणा दिसतात : लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लागते ती जागा) मेलेला, किंवा एकाच बाजूचे तीन-चार कॅमेरा पोर्ट मेलेले, बाकी मशीन चालू. कारण झटका फक्त विजेच्या प्लगमधून येत नाही. द्राक्षबागेच्या टोकापर्यंत गेलेली दोनशे मीटर केबल स्वतःच तो झटका ओढून आणते आणि राउटरची लॅन वायरही तेच करते. म्हणून ढग भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधीच हात घाला; नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, लॅनची वायर काढा, आणि लांबच्या कॅमेऱ्यांच्या बीएनसीही काढा. कायमचा उपाय म्हणजे चांगले अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटरने मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर सतत दिसत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नसलेल्या बोर्डवर महागडा स्पाइक गार्ड लावून फारसा उपयोग नाही, कारण झटका सोडायला त्याला जागाच नसते. शेतीच्या फीडरवर व्होल्टेज वरखाली होते तिथे ६०० व्हीए चा छोटा यूपीएस लावणे डीव्हीआर बदलण्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

दुरुस्तीला दिल्यावर रेकॉर्डिंगचे काय?

या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण मशीन बदलून मिळते, रेकॉर्डिंग मिळत नाही. वॉरंटीत डिस्क दिली की कंपनी दुसरी डिस्क देते. तुमची परत येत नाही आणि तिच्यातला डेटा काढून देणे वॉरंटीत नसते. डिस्क चालू असेल तर हवे ते आधी पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह एफएटी ३२ (FAT32) मध्ये फॉरमॅट केलेला असावा. हिशेब सोपा आहे : एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) असेल तर तासाला सुमारे ९०० एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर एका कॅमेऱ्याचे तीस-पस्तीस तास. मोठी फाइल तुकड्यांत उतरते, ते तुकडे पुसू नका. कंपनीची खास फाइल असेल तर तिचा प्लेअरही सोबत उतरवून ठेवा.

डिस्क काढून संगणकाला लावून बघू, हा विचार नको. डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीने लिहितो, विंडोजला ती डिस्क रिकामी वाटते आणि तेही फॉरमॅटचीच परवानगी मागते. त्याच कंपनीच्या मिळत्याजुळत्या मॉडेलमध्ये डिस्क कधी कधी वाचली जाते. दुसऱ्या कंपनीत सहसा नाही.

चोरी, अपघात, मारामारी यातले काही रेकॉर्ड झाले असेल तर डीव्हीआर सेवा केंद्रात देऊच नका, आधी पोलिसांशी बोला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे (१ जुलै २०२४ पासून लागू, पूर्वीच्या पुरावा कायद्यातले कलम ६५ ब) इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) नोंदवायचे असते. मधल्या काळात डिस्क चार हातांतून गेली तर रेकॉर्डिंगमध्ये फेरफार झाला का, हे प्रश्न उभे राहतात.

सेवा केंद्रात देताना कागदावर काय लिहून घ्यायचे?

जॉबशीट (मशीन जमा केल्याची पावती) घेतल्याशिवाय मशीन सोडू नका. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, दोषाचे नेमके वर्णन, अ‍ॅडॉप्टर-माउस दिले की नाही, आणि डिस्क आत आहे की काढून घेतली, आत असेल तर डिस्कचा सिरियल नंबर. ‘चालत नाही’ असे मोघम लिहू देऊ नका. ‘पोर्ट ३ वर चित्र नाही, तोच कॅमेरा पोर्ट १ वर चालतो’ असे लिहिले की काउंटरवर वाद होत नाही. स्टिकरचा आणि चारही बाजूंचा फोटो काढा.

त्याआधी मोबाइल अ‍ॅपमधून डिव्हाइस काढून टाका. बोर्ड दुरुस्त होऊन दुसऱ्या ग्राहकाकडे गेला आणि नोंदणी तुमच्याच खात्यावर राहिली तर त्यालाही त्रास, तुम्हालाही. सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर निघते, तीही घ्या. ती त्याच मॉडेलवर चढते.

सगळ्या कंपन्यांचे दुरुस्तीचे काम नाशिकमध्ये होत नाही. बरेच मशीन पुढे मुंबई-पुण्याला जाते, त्यामुळे दिवस किती लागतील आणि कुरिअरचा खर्च कुणाचा हे आधीच विचारा. तोवर स्टँडबाय (तात्पुरता वापरायचा) डीव्हीआर मागायला संकोच करू नका. वार्षिक देखभाल करार असेल तर ती अट करारातच घाला.

बदली मिळते ती नवी असते का?

पहिल्या काही दिवसांत बंद पडलेल्या मशीनला बहुधा सीलबंद नवे मिळते; त्यासाठी खोके, थर्माकोल, माउस सगळे जपून ठेवलेले हवे. त्यानंतर आधी दुरुस्ती, ती जमली नाही तर बदली, असा क्रम असतो, आणि बदलीचे मशीन दुरुस्त करून तपासलेले असू शकते. ते मान्य करण्यात गैर नाही, मात्र लेखी घ्या. मुदत बहुतेक वेळा मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजली जाते, नव्याने सुरू होत नाही. डिस्कच्या कंपन्या साधारणपणे उरलेली मुदत किंवा ९० दिवस, यातले जे जास्त ते देतात. नव्या सिरियल नंबरची नोंद जुन्या बिलावर शिक्क्यानिशी करून घ्या.

मॉडेल बंद झाले, दुसरे देतो म्हणतात. घेऊ का?

घ्या, पण कॅमेरे जुळतात का ते पाहून. चॅनल तेवढेच किंवा जास्त हवेत. तुमचे कॅमेरे टीव्हीआय, सीव्हीआय की एएचडी (हे सिग्नलचे प्रकार)? बदली डीव्हीआर ते स्वीकारतो का? असे पाच प्रकार घेणारा डीव्हीआर, म्हणजे एक्सव्हीआर, असेल तर चिंता कमी. खरी गोची रिझोल्युशनची. ५ मेगापिक्सेलचे कॅमेरे २ मेगापिक्सेलच्या डीव्हीआरला लावले तर पडदा काळा राहतो किंवा कॅमेरे खालच्या दर्जावर आणावे लागतात. खोक्यावर ‘१०८०पी लाइट’ लिहिलेले असेल तर तो पूर्ण १०८०पी नाही, आडव्या दिशेने निम्मेच पिक्सेल साठवतो. गाडीचा नंबर वाचायचा असेल तर हा फरक जाणवतो. आवाजाचे रेकॉर्डिंग आणि डिस्कची कमाल क्षमता हेही तपासा. पूर्वीपेक्षा कमी दर्जाचे मशीन घेण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

पासवर्ड विसरलो. वॉरंटीत होते का?

तो दोष नाही, पण कंपन्या मदत करतात. पडद्यावरचा क्यूआर कोड किंवा डीव्हीआरमधून निघणारी फाइल, सिरियल नंबर आणि बिल लागते. बाजारातल्या ‘अनलॉक’वाल्याकडून दुसऱ्या देशाचे फर्मवेअर (मशीनच्या आतले सॉफ्टवेअर) चढवून घेऊ नका. मशीन अर्ध्यात अडकले तर वॉरंटीही जाते.

ऑनलाइन घेतला. विक्रेता परराज्यातला.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात सिरियल नंबर स्पष्ट दिसू द्या. परतीची मुदत दिवसांत मोजली जाते, म्हणून डीव्हीआर आल्याच दिवशी सगळे कॅमेरे जोडून एक रात्र चालवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो.

दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे. काय करू?

फोन थांबवा, लिहा. दोघांनाही एकाच ईमेलवर बिल, जॉबशीट, फोटो पाठवा आणि ठरावीक मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येते. त्यानेही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. तुम्ही नाशिकला राहता किंवा काम करता एवढ्यावर तक्रार नाशिकच्या आयोगात करता येते, विक्रेता कुठलाही असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. दोष तपासायला प्रयोगशाळेची गरज पडू शकते, म्हणून बिघडलेले मशीन तोवर दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नका.

सोसायटी किंवा कारखान्याच्या नावावर बिल असेल तर?

सहकारी गृहनिर्माण संस्था तक्रार करू शकते. बिल संस्थेच्याच नावाचे घ्या, सेक्रेटरीच्या नाही. कमिटी बदलली की पासवर्ड, बिल आणि वॉरंटी कार्ड लेखी हस्तांतरित करा. व्यापारी कारणासाठी केलेल्या खरेदीला ग्राहक संरक्षण कायदा लागत नाही, पण स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला तो अपवाद आहे. कारखान्यांनी परचेस ऑर्डरमध्येच वॉरंटी, स्टँडबाय आणि प्रतिसादाची वेळ लिहावी.

मुदत संपली. दुरुस्त करू की नवा घेऊ?

अ‍ॅडॉप्टर, सेल, पंखा, डिस्क यातले काही असेल तर बेलाशक दुरुस्त करा. एखादा पोर्ट मेला आणि चॅनल रिकामे असेल तर कॅमेरा तिकडे हलवा, काम झाले. मुख्य बोर्ड गेला आणि खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवा घ्या. जुने कॅमेरे आणि केबल चालतात, डिस्कही स्मार्टमध्ये ठीक असेल तर चालते, फक्त नव्या मशीनमध्ये ती फॉरमॅट होईल. दुरुस्ती करून घेतली तर तिचीही लेखी हमी मागा.

मेलेला डीव्हीआर भंगारात देऊ का?

डिस्क आधी काढून घ्या. तिच्यात तुमच्या घरात कोण कधी येते-जाते हे सगळे आहे. ती बिघडलेली असेल तर ड्रिलने दोन-तीन ठिकाणी आरपार भोके पाडा. उरलेले मशीन ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा कंपनीच्या परत घेण्याच्या योजनेत द्या. बिल आणि जॉबशीट मात्र तक्रारीची दोन वर्षे उलटेपर्यंत फाइलमधून काढू नका.